एक बिनअर्थाचा शब्द

ओझुरगेतीच्या वर, ४ फेब्रुवारी १९७९

ओतिया,

पाकिटावर शहराचं सरकारी नाव घातलंय, आत आपलं जुनं. पोस्टातल्या बाईंना दोन्ही कळतात.

तीन वर्षं तू लिहिलं नाहीस आणि मीही हट्टाने लिहिलं नाही. मी मोठी बहीण, म्हणून शेवटी मीच नमतं घेतेय. पण माझा राग गेला, असा अर्थ काढू नकोस. तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. टीव्हीवर पाहिली. गाल चांगले वर आलेत. तुझ्या बायकोला, नानाला, म्हणावं, नवऱ्याला असंच खायला घालत राहा.

तुमच्या गायकसंघाचा नव्या वर्षाचा कार्यक्रम आम्ही वार्लामकाकांकडे बघितला. वार्लामकाका आठवतात ना? कुंपणापलीकडचे. बाबांचा खालचा सूर आणि तुझा वरचा, या दोघांच्या मध्ये उभं राहून ज्यांनी मधला सूर धरला आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या, ते. त्यांनी हौसेने टीव्ही घेतला आणि आता अख्ख्या आळीला चहा पाजून पस्तावतायत. बाबा पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून. तू तिबिलिसीला गेल्यापासून त्यांनी एकदाही तुझं नाव घेतलेलं नाही, पण टोपी मात्र घातली. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

पडदा उघडला. चाळीस पुरुष, सगळ्यांचे काळे अंगरखे सारखे, सगळ्यांच्या कमरेला खंजीर. तुझ्याही. आपल्या घराण्यात कोणी कमरेला काही लावलं असेल तर ती वेल छाटायची कात्री. वार्लामकाका म्हणाले, "अरे, हा कुणाला मारायला निघालाय?" सगळे हसले. बाबाही हसले, खरंच सांगते. मग ती निवेदिका गोड आवाजात म्हणाली, की आता गुरिया प्रांतातलं जुनं गाणं, आनंदाने कष्ट करणाऱ्या माणसांचं. आणि तुम्ही आपलं गाणं सुरू केलंत.

आपल्या घरचं, ओतिया. आजोबांचं.

संगीतशाळेच्या इव्लितेबाई माझ्या शेजारी होत्या. निवृत्त झाल्या तरी हाताने ताल धरायची सवय गेलेली नाही. त्या म्हणाल्या, "काय स्वच्छ गातायत!" मलाही आवडत होतं, कबूल करते. तुझा तो वरचा गिरकीचा सूर आला तेव्हा माझे डोळे भरून आले. आणि बरोबर गाण्याच्या मध्यावर बाबा उठले, पुढे गेले आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्याच्या घरातला टीव्ही! बाबा म्हणाले, "हे आपलं नाही," आणि टोपी तिथेच विसरून थंडीत घरी निघून गेले.

तेव्हापासून मी कारण शोधतेय. खंजीर म्हणावं, तर त्यावर हसले होते. चाळीस जणांनी एका साच्यातून काढल्यासारखं गायलं म्हणून असेल का? आपल्याकडे तिघं गातात म्हणजे तिघं भांडतात, आणि तेच गाणं दोनदा सारखं कोणी गात नाही. तुमचं म्हणजे चाळीस माणसं एकाच सदऱ्यात कोंबल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यासाठी बाबा टोपी विसरायचे नाहीत.

वर्तमानपत्रात वाचलं, की त्या गाण्याची तबकडी निघणार आहे. म्हणजे शाळेतली पोरंसुद्धा यापुढे ते तबकडीवरूनच शिकणार. त्याआधी बाबांना दोन ओळी लिही. मला नको, बाबांना.

दारेजान

*

२६ फेब्रुवारी

ओतिया,

पत्र मिळालं. दोन ओळी लिही म्हटलं तर तू चार पानं पाठवलीस, आणि त्यातलं दीड पान नुसत्या स्वरलिपीचं! औषधाच्या दुकानात बसून मी ते उलटसुलट करून पाहिलं. एका गिऱ्हाइकाला वाटलं, नवीन औषधाचा कागद आहे.

संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. वार्लामकाकाही होते. छातीत कफ साठलाय, मी त्यांना मोहरीचा लेप लावत होते. तू मन लावून लिहिलंयस, हे बाबांना कळलं. "आपलं गाणं गावात तिघांच्या गळ्यात होतं, आता पॅरिसपर्यंत जाईल, मी ते मरू दिलं नाही, यात माझं काय चुकलं?" हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाबा म्हणाले, "शब्द गाळलाय त्याने."

मी म्हटलं, "बाबा, त्यात गाळायला शब्द आहेतच कुठे? चार ओळी सोडल्या तर सगळं हारि-हारालो आणि वोदेला."

त्यावर वार्लामकाकांना हसू आलं आणि हसण्याने खोकला. जिल्ह्याच्या संस्कृती खात्यातले ते साहेब आठवतात तुला? तू शाळेत होतास. साहेबांना गाण्याचे शब्द रशियन अर्थासकट हवे होते. काका बाबांना सांगत होते, "साहेब विचारतात, हारि-हारालो म्हणजे काय? मी म्हटलं, हारि म्हणजे चहा आणि हारालो म्हणजे सरकारने ठरवून दिल्यापेक्षा जास्त पिकवला. घेतलं की लिहून! मग म्हणाले, आणि वोदेला? मी म्हटलं, वोदेला म्हणजे पुन्हा तेच. त्या वर्षी आपल्याला बक्षीस मिळालं, सिलोवान, विसरलास?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी तुझा कागद मागितला. स्वरलिपी त्यांना येत नाही, पण खाली अक्षरं आहेत त्यांवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. "इथे. इथे 'ओ-दोरो-तेला' असतं. याने 'ओ-देला-देला' लिहिलंय."

मी म्हटलं, "हे अर्थ नसलेलं, तेही अर्थ नसलेलं. काय फरक पडतो?"

तू असतास तर त्यांच्या चेहऱ्यांवरून तुला कळलं असतं की मी काहीतरी भलतं बोलून बसले. दोघंही म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. काका काही बोलणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे, वार्लाम," आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. कोंबड्या दुपारीच खाऊन बसल्या होत्या.

तर आता तूच मला सांग. तो शब्द तू का गाळलास? चुकून, का तिकडच्या कुणी सांगितलं म्हणून? मला भांडायचं नाहीये. फक्त माहिती हवीय.

तुझी ताई

*

१८ मार्च. हे पत्र जुंबेरच्या हाती देतेय, पोस्टाने नाही

ओतिया,

जुंबेर तुला मिरचीच्या ठेच्याची बरणी देईल. बरणीभोवती गुंडाळलेला कागद फेकू नकोस, तोच हा. आणि जुंबेरला आत बोलावून जेवायला घाल. बिचारा दिवसभर बस हाकून आलेला असतो.

तू लिहिलंस, की तुमच्या प्रमुखांनी विचारलं, बाकी सगळीकडे 'देला' आहे, मग इथेच हे 'दोरोतेला' कसलं? आणि तू म्हणालास, कसलंच नाही, उच्चार आहे, लहानपणापासून असंच ऐकलंय. मग चाळीस जणांना एकदम म्हणायला सोपं जावं म्हणून त्यांनी ते सरळ केलं. ओतिया, तुझ्या जागी मी असते तर मीही हेच उत्तर दिलं असतं. आपल्या घरात आपण दोघंच असे निघालो की ज्यांना ते माहीत नव्हतं.

वार्लामकाका आता उठत नाहीत. मंगळवारी मी औषध घेऊन गेले तर म्हणाले, "दारेजान, बस. तुझा बाप सांगणार नाही, आणि मी गेलो की सांगायला कोणी राहणार नाही." त्यांनी सुरुवात केली आणि दारात बाबा येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तू दमशील. मी सांगतो."

"दोरोते माझा मोठा भाऊ."

मी म्हटलं, "बातुमीच्या बंदरात तापाने गेलेले काका?"

"ताप नव्हता. चोवीस साली लोक सरकारविरुद्ध उठले ना, त्यांच्यात होता. नेला आणि गोळी घातली. कुठे पुरला, तेही सांगितलं नाही. मी सोळा वर्षांचा होतो. वरचा सूर त्याचा, आणि असा वरचा सूर इथे कोणी ऐकला नव्हता."

"ओतियाचा ऐकेपर्यंत," वार्लामकाका म्हणाले. बाबांनी मान हलवली. ओतिया, त्यांनी होकारार्थी मान हलवली.

काळे कपडे घालायचे नाहीत, रडायचं नाही, मेला म्हणून सांगायचं नाही, अशी तंबी होती. पुढच्या शरदात द्राक्षं काढून झाल्यावर आजोबांनी पंगत घातली. टेबलाशी बाहेरगावचा एक मिलिशियावाला पोलीसही बसला होता, मुद्दाम पाठवलेला. गेलेल्या माणसांच्या नावाने भाकरीवर वाइन सांडायची वेळ आली. सगळ्यांनी आपापल्या माणसांची नावं घेतली, कुणाची आजी, कुणाचा सासरा. आजोबांची पाळी आली तेव्हा ते बोललेच नाहीत. त्यांनी गाणं सुरू केलं, हेच आपलं, आणि ज्या ठिकाणी 'देला' यायला हवं, तिथे म्हणाले, "ओ-दोरो-तेला."

बाबा सांगत होते, "पंगतीतल्या सगळ्यांचे हात थांबले. मग एकेकाने गुपचूप भाकरीवर वाइन सांडली. मिलिशियावाला म्हणाला, काय झालं, या शब्दाचा अर्थ काय? तुझे आजोबा म्हणाले, अर्थ कसला, आम्हा गुरियावाल्यांची हौस आहे. त्यानेही ग्लास रिकामा केला."

तेव्हापासून आपल्या घरी एकही लग्न, एकही बारसं, एकही पंगत त्या शब्दावाचून झाली नाही. "गाण्यात नाव होतं तोवर तो जेवायला असायचा," बाबा म्हणाले. "पोराला मीच गाणं शिकवलं. शब्द शिकवला, पण तो काय आहे ते सांगितलं नाही. शाळेत बोलला असता. मग मोठा झाला, तेव्हा सांगू म्हटलं, तर राजधानीला निघाला. तिकडे जाणाऱ्याच्या खिशात असली गोष्ट ठेवायची नसते. आणि आता सगळ्या देशासमोर चाळीस माणसं उभी राहिली आणि दोरोतेला दाराबाहेर ठेवून आत जेवायला बसली."

हे असं आहे. तुझी चूक नाही, हे बाबांनाही कळतं. त्यांचा राग तुझ्यावर नाहीच, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. राग बिनआवाजाचा आहे आणि तो पंचावन्न वर्षांचा आहे, तू फक्त त्याच्या वाटेत आलास.

तू लिहिलंस, की तबकडीचं ध्वनिमुद्रण मे महिन्यात आहे आणि त्याआधी मे दिनाला थेट कार्यक्रम आहे. म्हणजे शब्द परत घालायचा तर आताच, नंतर तो कायमचा गेला. तुला काय सांगू तेच कळत नाही. घाल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी इथे खोकल्याची औषधं विकते, मला कोण काय करणार? तुझी नोकरी, तुझं घर, त्यात नानाला दिवस गेलेले. मी फक्त सांगितलं. न सांगता मला राहवेना.

ठेचा तिखट आहे. नानाला देऊ नकोस.

ताई

*

१२ एप्रिल. हेही जुंबेरकडे

ओतिया,

वार्लामकाका गेले. परवा त्यांना पोचवून आलो. शेवटपर्यंत शुद्धीत होते आणि वात्रटपणाही शाबूत होता. इव्लितेबाई भेटायला आल्या तर म्हणाले, "बाई, वर गेल्यावर देवदूत स्वच्छ गात असले तर मी परत येईन."

तुझं उत्तर ते जायच्या आदल्या दिवशीच आलं होतं. मी ते त्यांना दाखवलं नाही.

आधी खरं सांगते. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द मंजूर होऊन आलेत, तीन प्रतींवर शिक्के आहेत, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी प्रमुखांना जाब द्यावा लागेल, परदेशचा दौरा रद्द होईल. सगळं खरं असेल. पण कसं रे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं! मी तुला लिहायला बसले आणि जे लिहिलं ते फाडून चुलीत घातलं. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. "ताई, आता तालमीत ती जागा आली की माझ्या घशातून आवाज निघत नाही, मी नुसते ओठ हलवतो." हे तू आधी का नाही लिहिलंस? हे एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

पत्र बाबांना वाचून दाखवलं, काकांना पोचवून आल्यावर. भाकरी तशीच पुढ्यात होती. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "घाबरलाय तो." बाबा म्हणाले, "मग? न घाबरायला काय तो वेडा आहे?"

मग म्हणाले, "मधला सूर आज मातीत गेला. माझा खालचा एकट्याने काय करणार? आता या घरात ते गाणं होणं नाही, म्हणजे दोरोतेला इथे जागा राहिली नाही." मला वाटलं, आता म्हणतील, ओतियाला सांग, तूच उरलास. मी तयारच होते, खिशात पेन्सिल होती. आणि ते काय म्हणाले माहितीये? "ओतियाला लिही, नको. काही करू नकोस म्हणावं. या घराने एक वरचा सूर दिलाय. मी दुसरा देणार नाही."

तुझं नाव घेतलं त्यांनी. तीन वर्षांनी. ते मला आधी लिहायला हवं होतं.

तर हे बाबांचं सांगणं आहे आणि मी ते जसंच्या तसं कळवतेय. माझंही तेच म्हणणं आहे असं धर. तू मंजूर झालेलं गा. बाळ नीट होऊ दे. मी रागावलेली नाही. खरंच नाही, उगाच तसं म्हणत नाहीये. काल बाबा कुंपणाशी उभे राहून काकांच्या बंद खिडकीकडे बघत होते आणि खालचा सूर धरून होते, एकटेच. मला ऐकवेना. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

ताई

*

३ मे

ओतिया,

जुंबेर बस सुरू करून खाली थांबलाय, म्हणून अक्षर असं. तुझ्याबद्दल त्यानेच काल सांगितलं ते नंतर लिहिते, आधी परवाचं.

मे दिनाचा कार्यक्रम बघायला आम्ही काकांच्याच घरी गेलो. काकूंनी सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणाल्या, "घर रिकामं खायला उठतं, या." बाबा येत नव्हते. मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात ना, मग घाबरता कशाला? तो मंजूर झालेलंच गाणार आहे." तर आले. या वेळी मागे, दाराशी बसले.

तेच अंगरखे, तेच खंजीर. तू कोपऱ्यात, चेहरा खडूसारखा. गाणं सुरू झालं. आणि ती जागा आली. मी टीव्हीकडे न बघता बाबांकडे बघत होते.

एकदम कालवा झाला. चाळीस माणसं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना! इतकं स्वच्छ गाणारे तुम्ही, बाजार भरल्यासारखा आवाज. इव्लितेबाईंनी कपाळावर हात मारला, "गेलं! चुकले! थेट कार्यक्रमात चुकले मूर्ख!" काकू म्हणाल्या, "अगं बाई, आता यांची नोकरी जाणार."

बाबा उभे राहिले होते. "गप्प बसा," म्हणाले. "ऐका."

तुम्ही ती ओळ पुन्हा घेतलीत. मला आधी नुसता गलबला ऐकू आला. बाबा बोटाने दाखवायला लागले, जणू पडद्यातल्या माणसांना ओळखतायत. "तो जाडा, तो म्हणतोय, ओ-सिमो-नीला. सिमोन, पुलाजवळचा. पाद्र्याचा मुलगा. तो पलीकडचा, पार्मे-नोला. सिमोनचा भाऊ तो, दोघांना एकाच दिवशी नेलं." इव्लितेबाईंचा हात अजून कपाळावरच होता. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "एरास्ती. कोणीतरी एरास्ती म्हणालं." बाबा म्हणाले, "हो, बाई. तुमच्या अस्काना गावचा एरास्ती." आणि ही बाई, जिने आयुष्यभर गावातल्या प्रत्येक पोराला बेसूर म्हणून छडी मारली, ती म्हणाली, "माझे वडील. आई म्हणायची, रेल्वेखाली आले."

तू कुणाला काय सांगितलंस आणि कसं, मला माहीत नाही. मी तर तुला फक्त आपल्या दोरोतेचं लिहिलं होतं. प्रत्येकाच्या गावात एकेक असेल, हे मला का सुचू नये?

मग सगळे थांबले आणि तुझा वरचा सूर एकटा राहिला. ओ-दोरो-तेला. बाबांनी दाराची चौकट धरली आणि खालून सूर दिला. जोरात, थेट टीव्हीला. काकूंचा पडदा हलला, खोटं नाही सांगत.

गाणं संपलं. तिकडे टाळ्या पडत होत्या, निवेदिका हसत काहीतरी सांगत होती, तिला काही कळलेलं नव्हतं. इथे काकूंनी भाकरी आणि वाइन आणून मध्ये ठेवली आणि एकेकाने नाव घेतलं. मोठ्याने, ओतिया. कसल्याही हारालोशिवाय.

मला वाटलं, झालं हे एवढंच. पण काल सकाळी मी दुकान उघडायला निघाले तर फाटकाशी माणसं. काळे कपडे घातलेली. पुरुष रांगेत, टोप्या हातात, बायका मागे. आधी मला वाटलं, काकांचं काही राहिलंय. सगळ्यांत पुढे इव्लितेबाई. त्या बाबांना म्हणाल्या, "सिलोवान, तुमच्या भावाचं कळलं. फार वाईट झालं."

पंचावन्न वर्षांनी! बाबांनी आत जाऊन काळा कोट घातला आणि फाटकाशी येऊन उभे राहिले, जसं घरचं माणूस गेल्यावर उभं राहतात तसे. एकेक जण पुढे येत होता, हात हातात घेत होता. आपला मिलिशियावालाही आला, टोपी न घालता. म्हणाला, "फार वाईट झालं, सिलोवानकाका." बाबा म्हणाले, "हो, तरुण होता." एवढंच म्हणायचे प्रत्येकाला. तरुण होता. मी बाजूला उभी राहून रडत होते, आणि मला कळत नव्हतं की ज्याला मी कधी पाहिलंही नाही त्याच्यासाठी इतकं रडू कुठून येतंय.

संध्याकाळी जुंबेर आला आणि तुमच्याकडची बातमी कळली. म्हणे तुम्हाला त्याच रात्री एकेकाला बोलावून विचारलं, कोण चुकलं, आणि चाळीसही जण म्हणाले, मी. चाळीस जण चुकले तर शिक्षा कुणाला करणार? म्हणून सगळ्यांना महिनाभर घरी बसवलंय. पुढे काय होईल ते होईल, मला भीती वाटतेच आहे. तबकडीवर काय जाईल तेही आता आपल्या हातात नाही.

बाबांना मी हे सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, मी नको म्हटलं होतं ना. ते म्हणाले, "शेवटी श्वास कुठे घेतला त्याने? दोरोते तिथे घेत नसे. पुढे नेऊन घ्यायचा."

आता खरं काम. माणूस गेला की त्याच्या अंगणात पुरुष जे बिनशब्दांचं गातात, ते दोरोतेसाठी कधीच झालं नव्हतं. शेजारच्या शेमोकमेदी गावची माणसं त्याच तयारीने आली आहेत. काल संध्याकाळी त्यांनी गोल केला, मधला सूर त्यांच्यातल्या एकाने धरला आणि वरच्या सुरासाठी एक चांगला गळ्याचा तरुण पुढे झाला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळा, तू बस. या घराचा वरचा सूर तिबिलिसीत आहे. तो येईपर्यंत थांबू."

ते लोक बसले. रात्री कोणी घरी गेलं नाही. आताही अंगणात आहेत. मी भाकऱ्या भाजतेय, काकू वाइन ओततायत, आणि बाबा फाटकाकडे तोंड करून बसलेत.

हे पत्र वाचून झालं की जुंबेरच्या बसमध्ये बस.

ताई